डॉक्टरांनी दिलेली सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. लिहिताना कुणी मला 'सुटी' म्हणतं, बोलताना सगळेच 'सुट्टी'. एका 'ट'मध्ये तुमचा आनंद मावतच नाही! वर्गात माझं नाव निघालं की बाकं वाजतात. कारखान्यात मात्र मुकादम "उद्यापासून तुला सुट्टी" म्हणाला की ऐकणाऱ्याचे पाय जड होतात.

एकदा एका पाथरवटाला मी दवाखान्यात मिळाले. दगड घडवून घडवून त्याच्या छातीत धूळ साचली होती. इलाज उरला नव्हता. डॉक्टर त्याच्या बायकोला म्हणाले, "यांना आज सुट्टी देतो. घरी न्या. मागतील ते खायला घाला."

दवाखान्यातून सुट्टी म्हणजे माणूस बरा झाला, एवढंच तिला ठाऊक. तिने दूरगावी शिकणाऱ्या लेकीला लगेच फोन लावला.

"अगं, बाबांना सुट्टी मिळाली!"

"खरंच? मी निघतच होते गं. पिशवीसुद्धा भरली."

"ठेव ती पिशवी. परीक्षा आटप आणि मग ये. घे, बाबांशी बोल."

"सावकाश ये," पाथरवट धापा टाकत म्हणाला. "मी आता घरीच... साहेबासारखा लोळत."

डॉक्टरांना माझ्याआड लपायचं होतं, तिला मला उराशी धरायचं होतं. आणि मला स्वतःहून तोंड उघडता येत नाही, मित्रांनो.

लेकीचे पेपर संपायच्या आत तो गेला. शेजारीण हळहळली, "सुटले बिचारे."

'सुटणे' ही माझी आई. तिच्याच पोटी मी जन्मले. गाठ सुटते, शाळा सुटते, तसा माणूसही सुटतो. आईचा हा अर्थ मी मुलांपुढे सहसा काढत नाही.

लेक आली तेव्हा खाट उभी करून ठेवलेली होती.

"आई, सुट्टी मिळाली म्हणालीस ना गं?"

"मिळाली होती गं बाई. डॉक्टरांनीच दिली." ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, आणि त्यात तिचं काही खोटं नव्हतं.

मित्रांनो, शाळेत मला खुशाल उधळा, माझ्या नावाने गोंधळ घाला. पण मोठे झालात आणि कुणाला मला द्यायची वेळ आली, तर नुसतं माझं नाव घेऊन पाठ फिरवू नका. पुढचं अवघड वाक्यही बोला. मी अडीच अक्षरांची आहे हो. माझ्याआड माणसाचं मरण लपत नाही.