क्लिओफसचं नवं पाकीट

बर्ल हास्केटच्या मेम्फिसमधल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना पंखा लावायला बंदी होती. पंख्याची घरघर माइक पकडायचा. ही जागा पूर्वी बर्फाचा कारखाना होती, पण जुलै महिन्यात तिथे कुणी तसं बोलून दाखवलं की मारामारी व्हायची. त्या मंगळवारी एकविसावा टेक संपला तेव्हा ड्रममागे बसलेला क्लिओफस टार्व्हर मेणबत्तीसारखा वितळत होता.

"थाप कुठाय, क्लिओ?" काचेपलीकडून बर्लचा आवाज आला. "माझी थाप कुठाय?"

थाप खरं तर क्लिओफसची होती. अकरा वर्षं तो पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर आपलं पाकीट ठेवून वाजवायचा. ओल्या भिंतीवर चप्पल हाणावी तसा जाड, दबका आवाज निघायचा. या थापेवर गाणी देशभर गाजली. रेकॉर्डच्या कव्हरवर फोटो गाणाऱ्यांचे असायचे. क्लिओफसचं नाव त्याच्या पोस्टमनला माहीत होतं, तेवढंच. न्यूयॉर्कहून एक जण त्या आवाजाचं यंत्र शोधायला आला होता आणि पडद्यामागे बघून गेला होता.

ते पाकीट आता नव्हतं. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून बायकोने, ओडेसाने, रविवारी त्याला नवं पाकीट दिलं, पत्त्याच्या पानाइतकं पातळ. जुनं तिने कचऱ्यात टाकलं आणि सोमवारी गाडी ते घेऊन गेली. सकाळी क्लिओफसने स्टुडिओतून फोन केला तेव्हा तिने उलट त्यालाच झापलं. त्यात एक नोट नव्हती, म्हणाली. लाँड्रीच्या चिठ्ठ्या, संपलेला मासेमारीचा परवाना आणि माझ्या आईची भेंडीच्या रश्श्याची कृती. त्याची काय पूजा करायची होती का?

एवढ्यावर भागलं असतं, पण बर्लने नदीपलीकडच्या ड्युई स्ट्रेंज या ड्रमवाल्याला बोलावून घेतलं होतं. ड्युई बाहेरच्या खोलीत आपल्या काठ्या मांडीवर घेऊन सँडविच खात बसला होता. चारपर्यंत थाप सापडली नाही तर खुर्ची ड्युईची, असं बर्लने सांगून टाकलं होतं. क्लिओफस सेहेचाळीस वर्षांचा होता. याआधी तो टायरच्या कारखान्यात होता, आणि त्या जळक्या रबराच्या वासात परत जायची त्याची मुळीच तयारी नव्हती.

म्हणून सगळ्यांनी नवं पाकीट भरायला घेतलं. बास गिटार वाजवणाऱ्या लेम्युएल गेट्सने चर्चची तीन पत्रकं दिली. गाणाऱ्या व्हर्डेल बाईंनी बसचं वेळापत्रक दिलं आणि परत मिळेल ना, असं दोनदा विचारलं. पाकीट फुगलं, पण आवाज कोरडाच राहिला.

बर्लने टपालाचा काटा आणून पाकिटाचं वजन केलं. डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला की जुन्या पाकिटात अकरा वर्षांचा घाम होता. घामाशिवाय आवाज येणार नाही. मग क्लिओफस पंधरा मिनिटं पाकिटावर बसला. फरक पडला नाही. म्हणून लेम्युएल बसला, कारण तो एकशेतीस किलोचा होता. खोलीत सगळे उभे राहून त्याच्याकडे बघत होते, अंडं उबवताना कोंबडीकडे बघावं तसे.

"हलू नको," बर्ल म्हणाला.

"मिस्टर बर्ल, मी चर्चमध्ये वाजवतो," लेम्युएल कळवळून म्हणाला. "तिथे कुणाला हे सांगू नका."

पावणेचारला शेवटचा टेक सुरू झाला. क्लिओफसने ते कोमट पाकीट ड्रमवर ठेवलं. दुसऱ्याच ठोक्याला ते घसरून खाली पडलं. वाकून उचलायचं त्राण त्याच्यात नव्हतं. गेली खुर्ची, असं त्याने मनाशी धरूनच टाकलं आणि वाजवत राहिला. हात शिशासारखे जड झाले होते. प्रत्येक थाप जराशी उशिरा पडत होती, आणि पडली की काठी वर उचलायचाही कंटाळा येत होता. ती कातड्यावर तशीच दाबून राहायची. व्हर्डेल बाई गाता गाता वळल्या आणि त्याच्याकडे बघत पुढे गायल्या.

बर्ल काचेमागून धावत बाहेर आला. त्याचे डोळे भरून आले होते.

"हीच ती!" तो म्हणाला. "म्हटलं नव्हतं, घाम हवा?"

मग त्याने फर्मान काढलं. यापुढे दर रेकॉर्डिंगच्या आधी लेम्युएलने पाकिटावर पंधरा मिनिटं बसायचं. उद्या नऊ वाजता तीन गाणी आहेत. एवढं सांगून तो ड्युईला घरी पाठवायला गेला. ड्युईने दुसरं सँडविच बरोबर नेलं.

क्लिओफसने पाय उचलला तेव्हा पाकीट त्याच्या बुटाखाली होतं. लेम्युएलने ते बघितलं.

"भाऊ, हे खाली होतं?"

"दुसऱ्या ठोक्यापासून."

"मग आवाज कुठून आला?"

"दमलो होतो रे. दुसरं काही नाही."

लेम्युएलने बासची पेटी बंद केली आणि कुलूप घातलं.

"नऊला ताजातवाना आलास तर मेलास तू," तो म्हणाला. "तुझ्या घरापासून इथपर्यंत किती, आठ मैल? चालत ये."

क्लिओफसने नाही म्हटलं नाही. कुठल्या रस्त्याला चढ जास्त आहे, तेवढंच विचारलं.