सतरा पावलं

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे, पण कुलपाची नव्हे. तुमच्या छातीएवढी उंच, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. रस्त्याखालच्या व्हॉल्व्हवर बसवून मला फिरवलं, की घरोघरी पाणी येई. मला खांद्यावर टाकून हिंडणाऱ्या माणसाला सगळे पाणीकाका म्हणत.

शहराने दहा वर्षांच्या कामांची एक गुळगुळीत पुस्तिका काढली आहे. तिचे गठ्ठे गोदामात माझ्या शेजारीच पडलेत. तिचीच पानं उलटू.

पान पहिलं. उड्डाणपूल. खरंच देखणा आहे.

पान तिसरं. नवं रुग्णालय, दोनशे खाटा.

पान पाचवं. बारा रस्ते काँक्रीटचे.

इथे जरा थांबते.

त्यातल्या एका उताराच्या रस्त्यावर एक व्हॉल्व्ह होता. उतार संपतो तिथे काकांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहायची. गुडघ्यांनी अधू, तोंडाने खणखणीत. "साऱ्या शहराला पाणी सोडतोस, आणि बहिणीच्याच नळाला करंगळीएवढी धार?" काका हसायचे आणि मला आणखी अर्धा वेढा द्यायचे.

काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी काका इंजिनिअरांना म्हणाले, "साहेब, इथं खडीखाली झाकण आहे, ते नव्या रस्त्याच्या पातळीला उचलून घ्या. खाली व्हॉल्व्ह आहे."

"नकाशात कुठंय?"

"नकाशात नाही. लाँड्रीच्या पायरीपासून माझी सतरा पावलं."

"मग तुमचे पायच फाइलला लावू का, काका?"

सगळे हसले. काकाही हसले. दुसऱ्या दिवशी रस्ता आरशासारखा झाला.

पान सातवं. पाणीपुरवठा आता संगणकाच्या पडद्यावरून. काका निवृत्त झाले, मी गोदामात आले.

पुढचं पुस्तिकेत नाही.

ती छापून आली त्याच आठवड्यात उतारावरची मोठी वाहिनी फुटली. पडद्यावर लाल ठिपका उमटला, पण तिचं पाणी थांबवणारा एकुलता एक व्हॉल्व्ह त्या पडद्यावर नव्हताच. काकांना घरून आणलं, मला गोदामातून. लाँड्री रुंदीकरणात पाडली होती. पायरीचा दगड तेवढा उरला होता. काका तिथून चालू लागले. पंधरा, सोळा, सतरा.

"इथं फोडा."

नव्हता.

पुन्हा चालले. पुन्हा तिथेच आले. खाली अक्काच्या उंबऱ्यावरून पाणी आत जात होतं. "मोजलंय मी, इथंच आहे!" काका ओरडत होते.

मित्रांनो, मला दिसत होतं. काकांचं पाऊल आखूड झालं होतं. दर पावलाला तीन बोटं. व्हॉल्व्ह दोन हात पुढे होता.

सापडेपर्यंत दुपार झाली. मी फिरले, पाणी थांबलं. अक्काला कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं, तेव्हा ती पार गारठली होती. तिसऱ्या दिवशी, नव्या रुग्णालयातल्या स्वच्छ खाटेवर, ती गेली.

मला परत ठेवायला काका स्वतः आले. माझ्या दांड्यावर हात ठेवून म्हणाले, "मोजायला चुकलो गं."

मित्रांनो, उड्डाणपूल जरूर बघा. पण काहीही झाकण्याआधी, खाली काय आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा, आणि तो आहे तोवर लिहून घ्या. काका आता रोज अक्काच्या बंद दारापाशी येऊन बसतात. त्यांच्याजवळ जरा टेका, आणि चूक त्यांची नव्हती एवढं सांगा. मला सांगता आलं नाही.