खुर्च्या काढून केलेलं मूल्यमापन

धातू संशोधन संस्थेने लोकांना विज्ञान समजावं म्हणून प्रदर्शन भरवलं आणि ते खरंच समजतंय का हे बघायला मूल्यमापक बाईंना नेमलं. उपक्रम दोन होते, पुढच्या वर्षी ठेवायचा होता एकच. पहिला म्हणजे संचालकांनी काढलेली, त्यांच्याच आवाजातली फिल्म. दुसरा, बाईंच्या नणंदेचं टेबल. तिथे कागदाला लावायची एक तारेची क्लिप उचलायची आणि तुटेपर्यंत पुढे-मागे वाकवायची. धातूही थकतो, एवढंच त्यातून कळायचं.

नात्यागोत्याचा बोभाटा नको म्हणून बाईंनी नणंदेचे थोडे गुण आधीच कापून ठेवले. बाकीचे संस्थेच्या पद्धतीने द्यायचे होते: माणूस जितका वेळ थांबेल तितके गुण. फिल्म संपेपर्यंत कोणी जागचं हलत नसे. टेबलापाशी मात्र "मोडली की ही" म्हणत लोक चालू पडत.

"वहिनी, लोकांना पटकन कळतं हा माझा गुन्हा का?"

"वन्सं, पद्धतीत कळण्याला गुण नाहीत."

"मग न तुटणाऱ्या क्लिपा ठेवू?"

"गुण वाढतील."

नणंदेने त्यानंतर अबोला धरला. तो बाईंना लागला. त्या फिल्मच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि बाहेर पडणाऱ्या एका आजोबांना विचारलं, "काय लक्षात राहिलं?"

"गारवा," आजोबा म्हणाले. "शिवाय खुर्ची पाठीला बरी आहे."

मागून येणाऱ्याने आवाजाची तारीफ केली. त्या आवाजात डोळा चटकन लागतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढवल्या. लोक डोकावून परत फिरू लागले. संचालकांचा आवाज रिकाम्या हॉलला पोलादाचं अंतरंग उलगडून सांगत राहिला. खुद्द संचालक धावत आले.

"अहो बाई, खुर्च्या नसतील तर माझी फिल्म बघणार कोण?"

बाईंनी ते वाक्य त्यांच्या नावासकट अहवालात उतरवून घेतलं.

तेवढ्यात बाहेर एक बायको नवऱ्यावर करवादली, "चष्म्याची काडी सारखी वाकवू नका. आत्ता त्या टेबलावर क्लिप मोडलीत, तरी कळत नाही?" बाईंनी तेही लिहिलं.

टेबल राहिलं. फिल्म उपक्रमांतून उठली आणि विश्रांतिकक्षात लागली. खुर्च्या परत आल्या, गर्दी वाढली, संचालक खूश झाले.

"वहिनी, खरं सांग," नणंद म्हणाली, "घरातली म्हणून वाचवलंस ना मला?"

"घरातल्या म्हणून तुमचे गुण कापलेत, वन्सं. ते अजून परत दिलेले नाहीत."