नादपट्टीच्या मागचं बटण

रविवारी सकाळी दहाला माझ्या धाकट्या भावाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. खाली स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि त्यांची खोकी. वरच्या मजल्यावर जाड पडद्यांचा लांबट हॉल आणि त्यात चाळीस खुर्च्या. त्या भरल्या की लोक भिंतीला टेकून उभे राहत. बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर, दाताच्या डॉक्टरीणबाई, दोन वकील, कॉलेजात शिकवणारे तिघे-चौघे. ही यादी मुद्दाम देतोय, कारण असल्या गोष्टींना भुलणारा माणूस अडाणी असतो, अशी आपण स्वतःची समजूत घालून घेतलेली असते.

धाकटा पांढराशुभ्र शर्ट घालून यायचा. एखाद्या गिऱ्हाइकाला पुढच्या खुर्चीत बसवायचा, त्याचं मनगट हातात घेऊन डोळे मिटायचा आणि थोड्या वेळाने निकाल द्यायचा, "साहेबांची नाडी सहा ओहमची. घरातले स्पीकर आठ ओहमचे. मग झोप कुठून लागणार?" साहेब दचकून बायकोकडे बघायचे. बायको मान डोलवायची, कारण झोप खरंच लागत नसे. आता ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. कुठल्या ॲम्प्लिफायरला कुठला स्पीकर जोडायचा हे ठरवताना ते बघावंच लागतं. पण माणसाच्या नाडीलाही ते असतं, हे चाळीस वर्षं रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करूनही मला ठाऊक नव्हतं.

नाडी झाली की नादपट्टी निघायची. तळहाताएवढी पितळी पट्टी, काटकोनात वाकवलेली. ॲम्प्लिफायरवर ठेवली की तिचा अर्धा भाग वर आडवा राहायचा आणि अर्धा पुढून खाली यायचा. आधी पट्टीशिवाय गाणं लागायचं. मग धाकटा पट्टी ठेवायचा, तिच्यावर हात धरून उभा राहायचा आणि सांगायचा, "यंत्रात वीज असते, प्राण नसतो. डोळे मिटा. सात श्वास घ्या." सातव्या श्वासाला तेच गाणं अंगावर आल्यासारखं यायचं. आवाज भरदार, ढोलाचा ठोका छातीत, गाणारी बाई जणू समोर उभी. डोळे उघडले की निम्म्या लोकांचे डोळे ओले असत.

मी मागे उभा राहून हसायचो. कारण ही हातचलाखी नकळत मीच त्याला शिकवली होती. आमच्या धंद्यात दोन स्पीकर शेजारी ठेवून निवडायचे असतील, तर आधी मीटर लावून दोघांचा आवाज अगदी एका पातळीवर आणतात. का, तर त्यातला एक केसभर जरी मोठा वाजला, तरी कान त्यालाच चांगला म्हणतो. मोठा आहे असं म्हणतच नाही, जिवंत आहे, स्वच्छ आहे, असं म्हणतो. धाकटा हे माझ्या टेबलाशी बसून शिकला आणि मग मीटर लावणं तेवढं विसरला. पट्टीवर हात धरून उभा असताना त्याचा अंगठा पट्टीआडच्या, आवाज वाढवायच्या बटणावर असे. शेवटच्या रांगेमागे पडद्यात सबवूफर होता, म्हणजे खालचा घुमारा वाजवणारा मोठा खोका. तो चालू करायचं बटण धाकट्याच्या पायाशी होतं.

हे सगळं मला दिसत होतं आणि मी गप्प होतो. दुकानदारी आहे, रविवारची करमणूक आहे, कुणाचं काय बिघडतंय, असं म्हणायचो. त्या म्हणण्याची मला आज लाज वाटते.

आमची ताई आम्हा दोघांहून मोठी. मुलींच्या शाळेत समूहगान शिकवते. एके दिवशी सकाळी तालमीत तिला डाव्या बाजूच्या मुलींचा आवाज ऐकूच येईना. तिने त्यांना झापलं. तोंडं शिवून आला आहात का, म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा दोघी-तिघींना रडवलं. संध्याकाळी घरी गाणं लावलं, तर तिथेही डावा स्पीकर मंद. स्पीकर बिघडला म्हणून तिने धाकट्याला फोन केला. मला नाही केला, कारण मला संध्याकाळी दम्याचा त्रास होतो आणि तिला माझी काळजी.

धाकटा गेला, तासभर बसला, जुना ॲम्प्लिफायर काढून नवा बसवला, त्यावर नादपट्टी ठेवून ती चार थेंब गोंदाने पक्की केली. तिला खुर्चीत बसवून सात श्वास घ्यायला लावले. आणि ताईला दोन्ही बाजूंनी गाणं ऐकू आलं. ती रडली. शाळेत मात्र डाव्या बाजूच्या मुली अजून मंदच होत्या. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, की जुन्या यंत्राने कानाला वाईट सवय लावली आहे, पट्टीला चाळीस दिवस दे, कान आपोआप वळणावर येईल. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ का, असं तिने विचारलं होतं. तो म्हणाला, चाळीस दिवस तर होऊ देत.

पुढच्या रविवारी त्याने तिला सगळ्यांसमोर पुढच्या खुर्चीत बसवलं. "ही माझी सख्खी बहीण. हिची डावी बाजू मेली होती. विचारा तिला." ताईने लाजत मान हलवली. त्या दिवशी मला हसू आलं नाही, पण मी बोललोही नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी तिच्याकडे गेलो, तर धाकटाही तिथेच होता. मी तिच्या खुर्चीत बसून गाणं ऐकलं. सगळा आवाज डावीकडे ओढत होता. मी तसं म्हटलं. "उजवीकडे पडदा आहे ना दादा, तो आवाज पितो," धाकटा म्हणाला. पडदा विरळ होता. माझ्या पिशवीत मीटर होतं. आजवर कुठलाही ॲम्प्लिफायर मी मीटर न लावता गिऱ्हाइकाच्या हातात दिलेला नाही. पण भावाच्या कामाला मीटर लावायचं मला बरं वाटेना. चहा पिऊन मी उठलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला. "वेळ असेल तर ये. मला एक गंमत दाखवायची आहे." तिच्या आवाजात गंमत नव्हती.

गाण्यांचे कागद लावायला तिने खुर्ची कपाटाकडे फिरवली होती, म्हणजे स्पीकरकडे पाठ. गाणं चालूच होतं. तर सगळं गाणं उजवीकडे गोळा झालं आणि डावीकडे शुकशुकाट. तोंड फिरवलं की पुन्हा दोन्हीकडून. तिने हे वीसेक वेळा करून बघितलं होतं आणि दर वेळी काय ऐकू आलं ते कागदावर लिहून ठेवलं होतं.

"पट्टीत प्राण आहे ना?" ती म्हणाली. "मग मी पाठ फिरवली की तो जातो कुठे?"

मी स्क्रूड्रायव्हर घालून पट्टी उचकटली. मागे एक लहानसं गोल बटण होतं. डावा आणि उजवा स्पीकर किती वाजावा, हे वाटून देणारं. प्रत्येक बऱ्या ॲम्प्लिफायरला ते असतं आणि त्याची जागा मधोमध असते. इथे ते डावीकडे जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. पट्टी गोंदाने का चिकटवली, ते कळलं. मी बटण मध्ये आणलं. ताई म्हणाली, "गेली डावी बाजू."

मी तिचा उजवा कान तळहाताने झाकला आणि डाव्या कानाजवळ दोन बोटं एकमेकांवर घासली. ती माझ्याकडे बघत राहिली. "घासतोयस का?" तिने विचारलं.

म्हणजे पाठ फिरवली की मोठा वाजणारा डावा स्पीकर तिच्या चांगल्या कानाशी येत होता. मी तिला उजव्या बाजूने विचारलं, की धाकट्याने त्या दिवशी आल्याआल्या पहिलं काय केलं.

"मागच्या तारा काढल्या. डावी उजवीकडे लावली, उजवी डावीकडे. मग स्पीकरही इकडचे तिकडे केले. दर वेळी म्हणाला, आता कुठली बाजू मंद वाटते? मी म्हटलं, डावीच."

ज्यांनी हे काम केलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. एक बाजू मंद वाजते अशी तक्रार आली, की कारागीर पहिल्यांदा तारांची, मग स्पीकरांची अदलाबदल करतो. दोष बाजू बदलून गेला, तर तो यंत्रात. दोष जागच्या जागी राहिला, तर यंत्र ठणठणीत आहे. मग खोली बघायची, आणि खोलीत काही नसेल तर ऐकणाऱ्याचा कान. हेही मीच त्याला शिकवलं होतं, तो दहा वर्षांचा असताना. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या भावाला कळलं होतं, की स्पीकर नाही, आपल्या बहिणीचा कान बिघडला आहे. आणि त्यावर त्याने तिला डॉक्टरांकडे नेलं नाही, बटण फिरवून वर पितळ चिकटवलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून एकच प्रश्न विचारला, किती दिवस झाले. ताईने हिशोब करून पस्तीस सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवलं. कानाची नस अशी अचानक मंदावते तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर पुष्कळ जणांचं ऐकणं परत येतं. आता औषध देतो, वचन देत नाही, असं ते म्हणाले. ताईने शांतपणे आभार मानले. चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

रविवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. धाकट्याला वाटलं, ताई साक्षीला आली. त्याने पुढची खुर्ची दिली. पट्टी ठेवली गेली, सात श्वास झाले, आवाज भरून आला. तेव्हा ताई उठली, खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसली.

"घरी मी अशी बसले की तुझ्या पट्टीतला प्राण जातो. पट्टी काढ," ती म्हणाली. तो हलला नाही, म्हणून ती मी काढली. मागची बटणं लोकांना दाखवली. पडदा सारून सबवूफर दाखवला, गालिचा उचलून पायाखालचं बटण दाखवलं. मग पिशवीतून मीटर काढून दोन्ही वेळचा आवाज एका पातळीवर आणला आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की लोकांचे डोळे मिटलेले असताना मनाला येईल तेव्हा पट्टी ठेवा, मनाला येईल तेव्हा काढा. वीस वेळा झालं. पट्टी केव्हा होती हे चाळीस माणसांतल्या एकालाही धड ओळखता आलं नाही. बँकेचे मॅनेजर पुटपुटले, "पण मला झोप लागायला लागली होती हो." कुणी हसलं नाही.

मी धाकट्याला विचारलं, "तारा बदलल्यास तेव्हाच तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं," तो म्हणाला. "वाटलं, मळ असेल, जाईल. आणि दोन्हीकडून ऐकू आलं तेव्हा ती एवढी खूश झाली, दादा..." लोक एकेक करून जिना उतरू लागले. तो ताईच्या खुर्चीशी गेला, वाकला आणि हळूच म्हणाला, "ताई, चुकलं माझं." ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती. तो तिच्या डाव्या बाजूला उभा होता. तिला काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणायचं धैर्य त्याच्यात नव्हतं, आणि तिला सांगायची माझी इच्छा नव्हती.

डावा कान परत आला नाही. सोमवारी शाळेत गेल्यावर ताईने पहिलं काम केलं ते हे, की ज्या मुलींना रडवलं होतं, त्यांची सगळ्यांसमोर माफी मागितली. आता ती समोर मधोमध उभी राहत नाही, डाव्या टोकाला उभी राहते, म्हणजे सगळ्या मुली तिच्या उजव्या हाताला येतात.

कानाला थोडा मोठा आवाज चांगला वाटतो, यात कुणाची चूक नाही. कान असेच असतात, म्हणून तर मीटर असतं. तेव्हा कुणी डोळे मिटायला सांगितलं, की त्याचा अंगठा कुठे आहे ते बघा. पट्टी चिकटवलेली असेल, तर उचकटा. दुखणं शरीराचं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि समोरचा माणूस तुमचा भाऊ असेल, तर मीटर आधी काढा. मी काढलं नव्हतं.