डिकीतलं काम

गाड्यांचं वायरिंग करणारा अभिमन मोतीलालशेठच्या गाडीच्या डिकीत कुशीवर आडवा झाला आणि वितळून चिकटलेला सॉकेट उचकटू लागला. शेठच्या भावाने दुबईहून बाटल्या गार ठेवायची पेटी आणली होती. ती याच सॉकेटवर चालायची. सोनगीरला मळ्यावर जेवण होतं आणि शेठ दोन मित्रांसह धुळ्यात जिनिंगच्या आवारात खोळंबले होते.

मे महिना होता. ड्रायव्हर धनसिंग बाजूला उभा राहून पक्कड, पेचकस हातात देत होता. सोमवारी त्याच्या मुलाचा अभिमनच्या लेकीशी, लताशी, साखरपुडा होता. दोघं आत्ताच एकमेकांना व्याही म्हणू लागले होते.

जुना सॉकेट निघाला. करंट येतो का पाहायला अभिमनने फ्यूज बसवून घेतला. अजून किती वेळ, असं शेठने विचारलं, तेव्हा त्याने दहा मिनिटं मागितली. शेठने मित्रांकडे पाहिलं, मग धनसिंगला डोळ्यानेच खुणावलं.

डिकी धनसिंगनेच लावली.

झाकण चुकून पडलं, असं अभिमनला वाटलं. मग गाडी सुरू झाली. त्याने आतून ठोसे मारले, हाका दिल्या. बॅटरीची तार उघडी होती. हाताला झटका बसणार नव्हता, पण पत्र्याला टेकली तर ठिणगी पडेल, म्हणून ती त्याने मुठीत आवळून धरली. पत्रा तापत गेला. सीटच्या पलीकडून हसणं ऐकू येत होतं. शेठचं, मित्रांचं, आणि आणखी एक. सुपारी फुटली त्या दिवशी ते त्याने स्वतःच्या ओट्यावर ऐकलं होतं.

सोनगीरला झाकण उघडलं तेव्हा त्याला उजेड सोसेना.

"झालं का रे काम?" शेठने विचारलं.

अभिमनने नवा सॉकेट जोडला, स्क्रू आवळले. पेटी घुरघुरू लागली. मित्रांपैकी एकाने टाळ्या वाजवल्या.

धनसिंगने तांब्याभर पाणी आणून दिलं. मालकाने सांगितल्यावर काय करणार, असं काहीसं तो पुटपुटला, आणि लगेच सोमवारी आपली किती माणसं येतील ते सांगू लागला. अभिमन पाणी प्यायला आणि एसटीने परतला.

घरी लता नव्या साडीला फॉल लावत बसली होती. त्याचं सोललेलं कोपर पाहून बायकोने, मंजुळाबाईने, काय झालं म्हणून विचारलं. काम करताना खरचटलं, एवढंच तो म्हणाला. मग भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला,

"हाई सोयरीक करनी नही."

मंजुळाबाईला काही कळेना. मुलगा कामाला आहे, घर धड आहे, लताच्या मनात आहे. असं अचानक काय झालं, ते ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. डिकीची गोष्ट अभिमनच्या ओठांपर्यंत आली. समोर लता बसली होती, हातातली सुई थांबवून.

"पोऱ्या दारू पेस," तो म्हणाला.

"कोनी सांगं?"

"मी देखं."

मंजुळाबाईने कपाळाला हात लावला. आपला नवरा खोटं बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं. लताने साडीची घडी करून ती पिशवीत ठेवली. मग आतून हळद आणली, बापाजवळ बसली आणि खाली मान घालून त्याच्या कोपराला लावू लागली.