कडूबाच्या कोऱ्या जागा

बँडच्या डगल्याला सोळा बटणं होती. तीन पितळेची, बाकी प्लॅस्टिकची.

सगीराच्या चित्रकलेच्या शिकवणीत सगळ्यात थोरला विद्यार्थी अठ्ठावन्न वर्षांचा होता. पहिल्या दिवशी त्याला केळं काढायला सांगितलं. त्याने केळं काढलं नाही.

बिडकीन रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात एका पंगतीला चारशे पानं बसतात.

क्लॅरिनेट फुंकायला तोंडाचे दोन्ही कोपरे घट्ट मिटावे लागतात. एक कोपरा सैल पडला की हवा तिथून निघून जाते. मग सूर लागत नाही, नुसती फुसफुस ऐकू येते.

दौलताबादहून येणारी बस रविवारी उशिरा सुटते.

हात थांबतो. का थांबतो, माहीत नाही.

*

"भरू का मग?" कडूबाने विचारलं.

त्याच्या उजव्या हातात ब्रश होता आणि ब्रशला शेंदरी रंग. समोर सहा फूट लांबीचं चित्र. स्टेशन रोडवरच्या या कलादालनात त्याची एकवीस चित्रं तीन दिवस टांगलेली होती आणि आजचा दिवस शेवटचा होता. पायाखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, कारण फरशी दालनवाल्यांची.

"मी काय सांगू चाचा," सगीरा म्हणाली. "चित्र तुमचं आहे."

"तू मास्तरीण हायेस."

"मी तुम्हाला केळं शिकवायला गेले होते. हे मी नाही शिकवलं."

कडूबाची बायको द्वारकाबाई रंगाचा डबा मांडीवर धरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. "भरा न् मोकळे व्हा," ती म्हणाली. "चारला येणारेत ते. शेंदरी लवकर वाळत नाय."

ते म्हणजे आप्पासाहेब, बिडकीन रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाचे मालक. काल त्यांनी सगळी चित्रं पाहिली आणि या मोठ्या चित्रापुढे थांबले. कार्यालयाच्या दारात, नवरदेव उतरतो तिथे, हेच लावायचं, असं त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. फक्त चित्राच्या मधोमध हातभर रुंद जागा कोरी होती. ती त्यांना खटकली.

"शुभकार्याचं ठिकाण हाय वस्ताद," ते म्हणाले होते. "तिथं रिकामी जागा बरी दिसत नाय. तेवढी भरून द्या, उद्या नेतो."

*

चित्रं कशी होती ते सांगायला हवं.

त्यांत माणूस नव्हता, झाड नव्हतं, घर नव्हतं. डावीकडून उजवीकडे जाणारे रंगांचे पट्टे होते. बहुतेकांत एक लाल रेघ सगळ्या पट्ट्यांवरून चढायची, उतरायची, गिरक्या घ्यायची. तिच्या खाली पिवळे ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ. आणि मग एकदम कोरं. कागद तसाच सोडलेला. त्यानंतर पुन्हा लाल, पुन्हा पिवळं. पण लाल रेघ जिथे सुटली त्या उंचीवर पुढे सापडायची नाही. वर सुटलेली खाली उगवायची, खाली सुटलेली मध्येच कुठेतरी.

एकवीसच्या एकवीस चित्रांत अशी कोरी जागा होती. दर चित्रात वेगळ्या ठिकाणी.

*

कडूबा पस्तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होता. चार वर्षांपूर्वी त्याला लकवा झाला. पाय परत आला, हात बराचसा आला, तोंडाचा डावा कोपरा आला नाही. क्लॅरिनेट पेटीत गेलं. वर्षभर तो ओट्यावर बसून रस्ता बघत होता. शेजारच्या सगीराने एकदा त्याच्यापुढे रंगाच्या वड्या ठेवल्या.

एवढंच. पुढचं त्याच्या हाताने केलं.

*

उद्घाटनाला आलेले डॉक्टर चांगले माणूस होते. त्यांनी चित्रं मन लावून पाहिली होती. भाषणात ते म्हणाले, "मेंदूला इजा झाली की माणसाला समोरच्या काही भागाचं भान राहत नाही. या कोऱ्या जागा म्हणजे त्या इजेच्या खुणा. पलीकडे रेघ चुकून खालीवर जाते, तीही त्यामुळेच. आणि तरीही, मित्रहो, हा माणूस चित्र काढतो!"

खूप टाळ्या पडल्या. कडूबाचा डावा हात नीट वळत नव्हता, म्हणून त्याने उजव्या हाताने मांडीवर टाळी वाजवली.

घरी आल्यावर गळ्यातला हार काढता काढता त्याने द्वारकाबाईला विचारलं, "म्हंजी चित्रं मी काढतोय का माझा आजार काढतोय?"

"जेवा आधी," ती म्हणाली.

तो जेवला. पण प्रश्न तसाच राहिला.

*

म्हणून भरायचं. भरलं की निदान आजार झाकला जाईल.

त्याने ब्रश उचलला. शेंदरी थेंब वर्तमानपत्रावर पडला.

"क्या रे कडूबा! चुना मारने का काम लिया क्या?"

दारात इब्राहीम उभा होता. सत्तरीचा, काठी टेकत, टोपी जरा मागे सरकलेली. बँडमध्ये तीस वर्षं कडूबाच्या पाठीमागे ड्रम वाजवायचा तो हाच. बँड मोडल्यावर तो दौलताबादला लेकीकडे राहायला गेला. लकव्यानंतर एकदाच भेटून गेला होता. त्या भेटीत दोघंही फारसं बोलले नव्हते.

"या भाईजान," द्वारकाबाईने पदर सावरला. "वाट बघून बघून चहा गार झाला."

"बस ने रुलाया भाभी. लई थांबते." तो भिंतीकडे वळला. "ये सब तूने किया? मेरेकू तो बोले, कडूबाचं नाव बालवाडीत घातलं म्हणून."

"व्हय. तू बी ये. पर तुला घेणार नाय. दाखल्यावर वय बघतेत."

"हौ, तेरा तो जैसे दूध का दात है."

दोघं हसले. कडूबाचं हसू उजव्या बाजूला जास्त गेलं. इब्राहीमने नजर काढून घेतली आणि दाराजवळच्या पहिल्या चित्रापाशी गेला.

त्याच्या काठीचं रबर झिजलं होतं. फरशीवर टक् टक् वाजायचं. तो एका चित्रावरून दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि तिथून उलटा फिरून पहिल्याकडे आला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"कडूबा."

"काय?"

"हे पिवळे ठिपके मैं हूँ ना?"

कडूबा चित्राजवळ सरकला. त्याला ठाऊकच नव्हतं. आता इब्राहीमच्या तोंडून ऐकल्यावर ठाऊक झालं.

"ये देख. इथं ठिपके मागं पडले. पैठण गेटच्या आतली गल्ली. आडवी हातगाडी असायची, मेरा ड्रम अटकता था, तू पुढं निघून जायचा. मैं गाल्यां देता था."

"लई द्यायचा," कडूबा म्हणाला.

"और ये..." इब्राहीमची काठी कोऱ्या जागेपाशी थांबली. तो हळू बोलला, "कोपऱ्यावरची मशीद. इथं बंद."

*

बँडचा एक कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता. मशीद आली, दवाखाना आला, मयत झालेलं घर आलं, की बंद. कुणी खूण करायची नाही. वाद्यं थांबायची, पाय थांबायचे नाहीत. तेवढा रस्ता चौदा माणसं नुसती चालायची, एका तालात, आणि गाणं प्रत्येकाच्या डोक्यात वाजत राहायचं. हद्द संपली की चौदाही जण एका दमात सूर उचलायचे. मागे सोडलं होतं तिथून कुणी सुरू करायचं नाही. इतक्या वेळात गाणं डोक्यात वाजत वाजत जिथे पोचलं असेल, तिथून.

नवा माणूस इथेच चुकायचा. सोडलेल्या जागेपासून सुरू करायचा आणि सगळ्यांच्या मागे पडायचा. कडूबा पहिल्या हंगामात चुकला होता. नंतर पस्तीस वर्षांत एकदाही नाही.

*

"पण डॉक्टर म्हणाले," सगीरा अडखळत म्हणाली, "या जागा म्हणजे मेंदूला..."

"कोनसा डॉक्टर? बँड में था क्या?"

"नाही."

"मग त्याला काय ठावं?" इब्राहीम मोठ्या चित्रापाशी आला. ब्रश धरलेल्या कडूबाला त्याने खांद्याने बाजूला सारलं. "इधर आओ बेटी. ही लाल रेघ इसका कलारनेट. देख, कुठं सुटली?"

"वर. अगदी वर."

"अब सुन."

त्याने काठी बगलेत धरली, बोट लाल रेघेवर ठेवलं आणि गुणगुणायला लागला. वरात दारात पोचताना वाजायची ती चाल. बोट रेघेबरोबर चढलं, गिरकी घेतली, कोऱ्या जागेच्या काठाशी आलं. इब्राहीमने तोंड मिटलं. पाय मात्र पडत राहिला, एक, दोन, तीन, चार. बोट कोऱ्या कागदावरून हवेतच चाललं, उतरत, आणखी उतरत, मग जरासं वर. पलीकडच्या काठाला त्याने तोंड उघडलं आणि सूर लावला.

बोट लाल रेघेच्या टोकावर होतं. नेमकं.

सगीरा भिंतीपाशी सरकली. तिने पुढचं चित्र दाखवलं. इब्राहीमने दुसरी चाल धरली. कोरं आलं, तोंड मिटलं, पाय पडले. बोट पुन्हा रेघेवर उतरलं.

"मी करू?" सगीराने विचारलं. तिसऱ्या चित्रावर इब्राहीम गुणगुणला आणि बोट सगीराचं होतं. कोऱ्या जागेत ती घाबरली, पाय चुकला. "फिरसे," तो म्हणाला. दुसऱ्या वेळी तिचं बोट टोकाला लागलं आणि ती एवढ्या मोठ्याने ओरडली की दालनाचा रखवालदार आत आला.

कडूबाच्या हातातला ब्रश खाली आला होता. शेंदरी रंग त्याच्या पँटवर ओघळत होता.

"माझं चुकलं नाय," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मग त्याने द्वारकाबाईकडे पाहिलं. "अगं, माझं कुठंच चुकलं नाय!"

"मग पँट कशाला रंगवताय," ती म्हणाली. पण डबा खुर्चीखाली ठेवून ती उठली होती.

*

त्यानंतर जे झालं त्याची नोंद दालनाच्या वहीत नाही.

इब्राहीम निघाला. काठी आता ड्रम झाली. कडूबा त्याच्या पुढे, पूर्वीसारखाच, आणि तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून तो चाल म्हणत होता. फुसफुस होत होती. सूरही होता. सगीरा मागे, मग द्वारकाबाई, मग कलामहाविद्यालयाची चार पोरं आणि उन्हातून टेकायला आत आलेलं एक जोडपं. रखवालदारही लागला. भिंतीच्या कडेने, चित्रामागून चित्र.

कोरी जागा आली.

बंद.

नुसते पाय.

चालू.

पुन्हा चालत गेले. दवाखान्याची जागा आली, ती चांगली लांब होती.

बंद.

करकर. करकर.

सगळ्यांनी वळून पाहिलं. रांगेच्या शेवटी आप्पासाहेब होते. चार वाजता आले, काय चाललंय ते न कळून मागे लागले, आणि त्यांचे बूट नवे होते. सगळ्यांच्या नजरा पाहून ते चवड्यांवर चालायला लागले. तेवढ्या मोठ्या देहाने चवड्यांवर चालत त्यांनी तो सगळा दवाखाना ओलांडला.

चालू!

मोठ्या चित्रापाशी वरात थांबली. आप्पासाहेबांनी घाम पुसला. "वस्ताद, हे काय लावलंय? आणि जागा तशीच? भरली नाय?"

चार वर्षांत कडूबा कुणाशी एवढं बोलला नव्हता. "आप्पासाहेब, ह्या जागंत एक मयत हाय. म्हातारी सकाळी गेली, अंगणात ठेवलेली. सांजच्याला आम्ही तिच्या दारावरनं वरात नेली. नवरदेव घोड्यावर, पण गुमान गेला. म्हातारीच्या लेकानं हात जोडले आम्हाला. ते मी शेंदरानं पुसू का? तुमाला न्यायचं तर असंच न्या. नाय तर राहू द्या."

आप्पासाहेब चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढे होऊन कडूबाच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि सगीराच्या हातात दिला.

"धुऊन टाका बाई हा." आणि मग कडूबाच्या कानाशी येऊन, "पण यात मयत हाय म्हणून आमच्या कार्यालयात कुणाला सांगू नका बरं."

इब्राहीम इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली.

*

सहा वाजता चित्रं उतरवायला घेतली. शेवटचं चित्र कोपऱ्यात होतं, वहीएवढं. आतापर्यंत त्याच्यापाशी कुणी थांबलं नव्हतं. इब्राहीमने ते हातात घेतलं, उजेडात नेलं, उलटसुलट केलं. लाल नाही. पिवळे ठिपके नाहीत. कागदाच्या एका कडेला हळदीच्या रंगाचं एक बोट ओढलेलं, बाकी सगळं कोरं.

"ये कोनसा रस्ता रे? यात तर पुरा बंदच आहे. मी नव्हतो का?"

"माहीत नाय," कडूबा म्हणाला. "त्या दिवशी हात पुढं गेलाच नाय."

द्वारकाबाईने ते चित्र इब्राहीमच्या हातातून घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग पदराखाली धरलं.

"हे इकायचं नाय," ती म्हणाली.

*

एकोणऐंशी सालच्या वैशाखात पिशोरला कडूबा आणि द्वारकाबाईचं लग्न लागलं तेव्हा लग्नाची तिथी दाट होती. सगळा बँड शहरात दुसऱ्याच्या वरातीला गेला होता, आणि नवरा-नवरी देवळापासून घरापर्यंत बाजाशिवाय चालत आले.