गळ्यातला ठिपका

कचऱ्याचा डबा घेऊन सून जिना उतरली, तोच गळ्यातल्या पिशवीत फोन केकाटला.

"फाटकापाशी काय करतेस गं?" सासूबाई वर सोफ्यावरूनच विचारत होत्या.

"कचरा टाकतेय, आई."

"टाक आणि ये. ठिपका लांब गेला की माझा जीव वरखाली होतो."

सासूबाईंच्या फोनच्या पडद्यावर सून म्हणजे एक निळा ठिपका होता. देवाने डोळे दोनच दिले, ही उणीव नणंदेने भरून काढली होती. नणंद खूप शिकलेली. नव्या तंत्रज्ञानाने समाजातली विषमता घटते की वाढते, यावर संशोधन करून ती सरकारला धोरणं सुचवायची. वहिनीला फोन तिनेच दिला, आणि सुरक्षिततेसाठी म्हणून ठिपकाही तिनेच बसवला. आज त्याच फोनविषयी फिल्म करायला ती कॅमेरावाल्याला घेऊन येणार होती.

वर येऊन सुनेने हात पुसत विचारलं, "आई, दवाखान्यात माझ्या आईला बघून येऊ? दादा म्हणाला, सकाळपासून माझंच नाव घेतेय."

"पाहुणे जाऊ देत की. तुझी आई काय पळून जातेय?"

दुपारी नणंदेने वहिनीला खिडकीपाशी बसवलं. तिच्या कपाळावरची बट मायेने मागे सारली. "मोकळेपणाने बोल हं वहिनी. फोनमुळे काय बदललं?"

"फोनमुळे मी… माझ्या माणसांच्या…"

फोन वाजला. दादाचा होता. सासूबाईंनी पुढे होऊन पिशवीत हात घातला आणि तो कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. मग वाजलाच नाही.

सुनेने फोन हिसकावून दादाला लावला. ऐकलं.

"गेली," ती म्हणाली. "दाराशी कुणीही आलं की मीच आले असं वाटत होतं तिला."

नणंदेचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोला, खरंच भरून आले. ते टिपता टिपता तिने कॅमेरावाल्याकडे पाहिलं. "वहिनी, लगेच निघ तू. मी सोडते तुला. फक्त… ते वाक्य एकदा परत म्हणशील? मध्येच रिंग आली गं."

सून कॅमेऱ्याकडे वळली.

"म्हणते की. फोनमुळे माझी आई गेल्याचं मला घरबसल्या कळलं."

तिने गळ्यातली पिशवी काढली आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवली. "आई, तुमचा ठिपका इथे आहे. सांभाळा त्याला. मी आता परत यायची नाही." चपला अडकवून ती जिना उतरली. एकटीच.

सासूबाईंनी सवयीने आपल्या फोनच्या पडद्यावर पाहिलं.

"आहे," त्या पुटपुटल्या. "घरातच आहे."

ती फिल्म पुढे मोठ्या सभेत दाखवली गेली, रिंग वाजण्याच्या आधीपर्यंतची. टाळ्या भरपूर पडल्या. वाजवणाऱ्यांत तुम्ही-आम्हीही असू.